एलएमके

ताई, मुलीला घेऊन बडोद्याहून इंग्लंडमध्ये लेस्टरला येताय, इंग्रजी व्याकरण पक्कं आहे, पण चॅटवरची आद्याक्षरं कळतील का, असं विचारलंत. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते लिहीत नाही. तुमचा प्रश्न वाचून मला मात्र झोप लागली नाही.

मीही बडोद्याचीच, दांडिया बाजारची. इथे आलो तेव्हा मुलगा सहा वर्षांचा. वर्गातल्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाढदिवसाचं आमंत्रण आलं, खाली 'एलएमके बाय थर्सडे'. हॉलचं नाव असेल, अशी मी समजूत करून घेतली. शनिवारी भेटवस्तू घेऊन गेलो. 'एलएमके' म्हणजे 'लेट मी नो', येणार का ते कळवा. मी कळवलंच नव्हतं. आमंत्रण देणाऱ्या बाईंनी प्रेमाने खुर्ची ओढून मुलाला बसवलं, पण खाऊच्या पिशव्यांवर मुलांची नावं होती आणि त्याच्या नावाची पिशवी नव्हती. घरी येईपर्यंत तो बोलला नाही.

मग मी वही केली. टीबीसी म्हणजे अजून नक्की नाही. एनव्हीएम म्हणजे जाऊ दे. पीटीओ इथे 'पान उलटा', अमेरिकन ऑफिसात तेच 'भरपगारी रजा'. आपलं पीएफए, म्हणजे 'सोबत जोडलं आहे', इथे माझ्या ऑफिसात कुणाला कळेना, पूर्ण लिहा. बायकांच्या मेसेजखाली एक्स दिसला तर दचकू नका, तो पापा असतो, मैत्रिणी सर्रास टाकतात. शाळेच्या पत्रात 'इनसेट डे' असेल तर त्या दिवशी शिक्षकांचं प्रशिक्षण, मुलांना सुट्टी. बंद फाटकापाशी आम्ही पावसात उभे होतो. आणि ही भाषा हलकी म्हणून टाळू नका. ओएमजी, म्हणजे 'ओ माय गॉड', तर 1917 साली अ‍ॅडमिरल फिशर यांनी चर्चिलना लिहिलेल्या पत्रातही आहे.

एकटं वाटतं का, असंही विचारलंत. वाटतं. बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीचे दिवे लागतात, पण बडोद्यासारखी सेवउसळ मला मिळाली नाही. होते सवय.

एक गोष्ट नवऱ्यालाही सांगितलेली नाही. एलएमके वाचून मला शंका आली होती. 'सॉरी, याचा अर्थ काय?' असं मी टाइपही केलं होतं. मग खोडलं. बडोद्यात मी दुसऱ्यांच्या मुलांना इंग्रजी शिकवत होते, तीस आयांसमोर विचारायची मला लाज वाटली. ताई, तुम्ही खोडू नका. नाहीतर मला पाठवा, रात्री कितीही वाजले असू देत.