समुद्र न पाहिलेल्या खानदेशी मुलाला शिडाच्या जहाजावर राहणं जमेल का? तिथला दिवस कसा असतो?

जमेल. माझं गाव चोपडा तालुक्यात. नौदलात जाईपर्यंत मी तापीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, तरी प्रशिक्षणातला काही काळ ‘आयएनएस तरंगिणी’ या शिडाच्या जहाजावर राहिलो. तू पारोळ्यात बारावीला आहेस, एनडीएची परीक्षा देणार आहेस आणि अशा जहाजावर कॅडेटांचा दिवस कसा जातो, सगळ्यात अवघड काय असतं, हे विचारलंयस. वादळाची आणि उंचीची तू धास्ती घेतलेली दिसते. माझ्या मते सगळ्यात अवघड असते ती तुकड्यातुकड्यांनी मिळणारी झोप.

तरंगिणी गोव्यात बांधली, 1997 मध्ये नौदलात आली. लांबी 54 मीटर, तीन डोलकाठ्या, वीस शिडं. 2003-04 मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणाही केली. तशीच ‘सुदर्शिनी’ 2012 मध्ये आली. दोघींचं घर कोचीला. इंजिन असतं, बंदरात शिरताना-निघताना ते लागतं; पण शिकायचं असतं वाऱ्यावर.

दिवस घड्याळाच्या आधी वॉचवर, म्हणजे कामाच्या पाळ्यांवर चालतो. सगळ्यांच्या तीन तुकड्या पाडतात. चार तास काम, मग आठ तास सुटी, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात त्या आठ तासांत जेवण, कपडे धुणं, डेकची सफाई, वर्ग आणि अभ्यास बसवायचा असतो. उरेल ती झोप. संध्याकाळी चार ते आठची पाळी दोन-दोन तासांत तोडतात, म्हणजे दिवसाच्या सात पाळ्या होतात आणि रात्री बारा ते चारची पाळी रोज एकाच तुकडीच्या वाट्याला येत नाही. ही व्यवस्था ज्याने शोधली त्याला मी मनापासून मानतो. पाळीवर कोणी सुकाणू धरतो, कोणी पुढे टेहळणीला उभा राहतो, कोणी जहाजाच्या फेऱ्या मारतो, कोणी वारा, हवेचा दाब आणि जहाजाची जागा नोंदवहीत लिहितो. दर थोड्या वेळाने कामं बदलतात. आणि शिडं बदलायची हाक आली तर सुटीवरच्या तुकडीलाही उठावं लागतं. तिथे रुसून चालत नाही, कारण आपल्या वेळी दुसरे उठलेले असतात.

झोपायला स्लीपर डब्यासारखे एकावर एक बर्थ. सामान एका छोट्या कपाटात. एकांत मिळत नाही. शेजाऱ्याचं घोरणं, ओले बूट, त्याचा वाईट दिवस, सगळं आपल्या अंगावर येतं. पण महिनाभरात तुम्ही अंधारात पावलांवरून माणूस ओळखता. मला तिथे मिळालेले मित्र आजही घरच्यासारखे आहेत.

आता उंची. डोलकाठीवर चढताना भीती वाटतेच, वाटायलाच हवी. यार्ड म्हणजे शीड बांधायचा आडवा वासा; त्याखाली ताणलेल्या दोरावर पाय, पोट यार्डला टेकलेलं, कमरेच्या पट्ट्याची कडी अडकवलेली, आणि दोन्ही बाजूंना आपलेच साथीदार. एक हात जहाजासाठी, एक स्वतःसाठी, हा जुना नियम तिथे शब्दशः पाळतात. शीड गुंडाळणं एकट्याचं काम नाही. सगळ्यांनी एकाच वेळी ओढलं तरच ते ओलं, जड कापड वर येतं. दोर मात्र पाठ असलेच पाहिजेत. कुठला दोर कुठल्या खुंटीवर बांधलेला, हे काळोखात हाताने सापडलं पाहिजे. चुकीचा दोर सोडला तर वर माणसं असतात.

पाण्याच्या बाबतीत आपण खानदेशी मुलं पुढे असतो, हे मी अभिमानाने सांगतो. चहूकडे समुद्र असला तरी जहाजावर गोडं पाणी मोजून असतं. आमच्या घरी नळाला कित्येक दिवसांनी पाणी यायचं आणि उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जायचा. एका बादलीत अंघोळ उरकणं मला कोणी शिकवावं लागलं नाही.

दिवसातली माझी आवडती वेळ म्हणजे दुपार. सूर्य सगळ्यात वर येतो तेव्हा सेक्स्टंट या कोन मोजायच्या उपकरणाने त्याची क्षितिजापासूनची उंची मोजायची आणि गणित करून अक्षांश काढायचा. एकदा वेरावळच्या बाहेरून जाताना उत्तर 21 अंशांच्या आसपास आलं. जळगावचा अक्षांशही तोच. सरळ पूर्वेला गेलो तर घर, या विचाराने त्या दिवशी माझे डोळे भरून आले.

उलट्या होतील. बहुतेकांना दोन-तीन दिवस होतात, मग शरीर सरावतं. खाली पडून राहू नकोस, वर येऊन क्षितिजाकडे बघ, थोडं थोडं कोरडं खात राहा, पाणी पीत राहा. शिडं भरलेली असली की जहाज एका अंगाला कलतं, पण डोलणं कमी होतं.

नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं, ते बघून घे. जेईई मेनच्या रँकवर केरळमधल्या एझिमलाच्या नौदल अकादमीत थेट बी.टेक.ला जाण्याचाही मार्ग आहे, तो डोळ्यांआड करू नकोस. बोलाइन, क्लोव्ह हिच आणि रीफ नॉट या गाठी डोळे मिटून येईपर्यंत बांध. आणि पोहणं. विहिरीत शिकला असशील तर उत्तम, पण विहिरीत लांब अंतर कापायची सवय होत नाही. धुळ्याला किंवा जळगावला जलतरण तलावावर प्रशिक्षक गाठ आणि न थांबता लांब पोहण्याचा सराव उन्हाळ्याच्या सुटीतच सुरू कर.