मनःस्थिती बदलली की प्रश्नावली चुकली?

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. करते. वीस शब्दांची (दहा सकारात्मक, दहा नकारात्मक भावनांचे) ‘पॅनास’ ही मनःस्थिती मोजणारी प्रश्नावली 140 विद्यार्थ्यांना दिली. सूचना होती, ‘आत्ता या क्षणी कसं वाटतंय?’ अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) 0.87 आला. तीन आठवड्यांनी त्याच मुलांकडून पुन्हा भरून घेतली, तर सकारात्मक भावनांच्या दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध (1 म्हणजे पूर्ण मेळ) 0.51 निघाला. मार्गदर्शक म्हणतात, प्रश्नावली विश्वसनीय नाही, दुसरी घ्या. काय करू?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : एवढ्यावरून प्रश्नावली टाकू नका. वॉटसन, क्लार्क आणि टेलेगन यांनी 1988 मध्ये ‘पॅनास’ प्रसिद्ध केली, तेव्हा आठ आठवड्यांच्या अंतराने केलेल्या पुनर्चाचणीत ‘या क्षणी’ या सूचनेला सकारात्मक गटाचा सहसंबंध 0.54 आणि नकारात्मक गटाचा 0.45 होता. ‘सर्वसाधारणपणे’ ही सूचना दिल्यावर तेच आकडे 0.68 आणि 0.71 झाले. शब्द तेच, विद्यार्थीही तेच, फक्त काळाची चौकट बदलली. ‘या क्षणी’ विचारलेली मनःस्थिती तीन आठवड्यांनी तशीच राहावी ही अपेक्षाच गैर आहे. मधे अंतर्गत परीक्षा झाली असेल तर विचारायलाच नको.

अल्फा आणि पुनर्चाचणी ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. दहा शब्द एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात का, हे अल्फा सांगतो. माणूस बदललेला नसताना गुण तेवढेच येतात का, हे पुनर्चाचणी सांगते. त्यात ‘बदललेला नसताना’ ही अट मोलाची. म्हणून पुनर्चाचणी ‘सर्वसाधारणपणे’ या सूचनेवर करा. दोन्ही वेळा वार, तास आणि वर्ग तोच ठेवा, परीक्षांचे आठवडे टाळा. दुसऱ्या फेरीत ‘मधल्या काळात काही मोठं घडलं का?’ हा एक प्रश्न जोडा आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांचं गणित वेगळंही मांडा. ‘या क्षणी’चीच पुनर्चाचणी हवी असेल तर दोन्ही फेऱ्यांत सात-सात दिवस रोज भरून घ्या आणि एका आठवड्याची सरासरी दुसऱ्या आठवड्याशी ताडून बघा.

0.87 हा अल्फा वीस शब्दांचा मिळून काढला असेल तर तो बाजूला ठेवा. सकारात्मक दहा आणि नकारात्मक दहा या दोन स्वतंत्र मोजपट्ट्या आहेत. त्यांची बेरीज करायची नसते, अल्फाही वेगवेगळा काढायचा असतो. शिवाय अल्फा प्रश्नांच्या संख्येने फुगतो: प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध 0.30 असेल तर दहा प्रश्नांना 0.81 मिळतो, वीसांना 0.90. मराठी अनुवादात दोन शब्द ‘भीती’वरच येऊन थांबले असतील तरीही तो वाढतो, आणि ती वाढ काही कामाची नसते.

प्रबंधात नुसता पिअर्सन सहसंबंध देऊ नका. दुसऱ्या वेळी सगळ्यांचेच गुण चारने घसरले तरी पिअर्सन 1 येऊ शकतो. ‘आयसीसी’ (वर्गांतर्गत सहसंबंध गुणांक) काढा, द्विमार्गी आणि ‘निरपेक्ष सहमती’चा; गुण सगळ्यांचेच घसरले तर तो कमी होतो. सोबत मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एकाच मुलाचे गुण निव्वळ मोजमापामुळे किती हलू शकतात, तीही द्या: प्रमाण विचलन (गुणांचा पसारा) गुणिले (1 वजा विश्वसनीयता) याचं वर्गमूळ. विचलन 7 आणि विश्वसनीयता 0.80 असेल तर त्रुटी 3.1. म्हणजे एखाद्या मुलाचे गुण पाचने वाढले म्हणून त्याला ‘सुधारला’ म्हणता येत नाही. त्यासाठी, दोन्ही वेळच्या त्रुटी धरून (3.1 × 1.96 × √2), साधारण 9 गुणांचा फरक लागतो. मार्गदर्शकांसमोर हा आकडा जरूर ठेवा.

प्रश्न : प्रश्नावलीचे अर्ज निनावी आहेत. दोन फेऱ्यांतले एकाच विद्यार्थ्याचे अर्ज जोडायचे कसे?
– एक प्राध्यापक, लातूर

उत्तर : स्वतः निवडलेला सांकेतिक क्रमांक मुलं विसरतात. न बदलणाऱ्या उत्तरांवरून तो बनवून घ्या: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःची जन्मतारीख (फक्त दिवस), स्वतःच्या मोबाइलचे शेवटचे दोन अंक. तरी काही अर्ज जुळणार नाहीत आणि दुसऱ्या फेरीला गैरहजेरीही असते. शेवटी 100 जोड्या हव्या असतील तर 150 पासून सुरुवात करा. सगळीकडे ‘3’ची सरळ रेघ ओढलेले, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर दिलेले अर्ज वगळायचे की नाही, हे गुण बघण्याआधीच ठरवून लिहून ठेवा.

प्रश्न : ‘पीएचक्यू-9’ या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीलाही तीन आठवड्यांचं अंतर चालेल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. ती ‘गेल्या दोन आठवड्यांत’ विचारते, म्हणजे तीन आठवड्यांनी दोन्ही उत्तरं संपूर्ण वेगळ्या काळाची होतात. 2001 च्या मूळ अभ्यासात दुसरी फेरी 48 तासांच्या आत घेतली होती आणि सहसंबंध 0.84 आला. एक-दोन दिवसांचं अंतर ठेवा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, तेव्हा अर्ज पूर्ण निनावी ठेवू नका. सांकेतिक क्रमांकांची यादी समुपदेशकाकडे असू द्या आणि तसं संमतिपत्रात स्पष्ट लिहा. त्या प्रश्नाला 1 किंवा अधिक गुण असलेले अर्ज त्याच दिवशी वेगळे काढून समुपदेशकाने त्या विद्यार्थ्यांना भेटावं. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक प्रत्येक अर्जाच्या तळाशी ठळक छापा.