शैक्षणिक मानसशास्त्रात एम.ए. करावं का? वर्गातून तिकडे गेलेल्या एकीचं उत्तर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. आठ वर्षं गणित शिकवताय, पदवी मानसशास्त्रातली नाही, तर शैक्षणिक मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण झेपेल का? संख्याशास्त्राची धास्ती वाटते, तिचं काय करायचं? आणि एवढं करून वर्गात फरक पडेल का? शिवाय जाता जाता एक ओळ लिहिलीत, की अपूर्णांकांची बेरीज शिकवल्या दिवशी सगळ्यांना येते आणि पुढच्या आठवड्यात निम्म्या मुलांची पाटी कोरी असते. मला तुमच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा ती ओळ महत्त्वाची वाटली. तिच्याकडे शेवटी येते.

मी दहा वर्षं शिकवल्यावर, नोकरी सांभाळून हे शिक्षण घेतलं. माझीही मूळ पदवी दुसऱ्याच विषयातली. पहिले चार-पाच महिने वर्तनवाद, रचनावाद, कार्यस्मृती या शब्दांची सवय होण्यात गेले. वाचत राहिलं की ते जमतं, त्याची काळजी करू नका. अवघड आहे ते पुढे. इतकी वर्षं आपण जे डोळ्यांनी पाहिलंय असं धरून चालतो, ते पुन्हा तपासायला लागतं.

पहिल्याच सत्रात एक छोटं काम होतं. एका मुलाजवळ बसायचं, गणितं सोडवताना त्याला मोठ्याने बोलायला सांगायचं, आणि आपण काहीही शिकवायचं नाही. सगळं रेकॉर्ड करून शब्दन् शब्द उतरवून काढायचा. मी माझ्याच वर्गातला एक मुलगा निवडला. त्याच्या वहीत मी लाल शाईने ‘लक्ष कुठे आहे?’ असं कितीदा तरी लिहिलं होतं. 52 वजा 38, त्याने लिहिलं 26. 61 वजा 27, लिहिलं 46. 43 वजा 19, लिहिलं 36. तोवर अशी उत्तरं दिसली की मी फुली मारून पुढे जात असे. त्या दिवशी तो बोलत होता, “दोनातून आठ जात नाहीत, मग आठातून दोन काढायचे, सहा.” तिन्ही गणितांत तेच. प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान वजा. त्याचं लक्ष पूर्ण होतं, त्याच्याजवळ एक नियम होता आणि तो नियम तो इमानाने पाळत होता. मी मात्र त्याला वर्षभर धांदरट समजत होते. रेकॉर्डिंगमध्ये एका जागी मी न राहवून “अरे, हातचा?” असं म्हणाले, आणि तो गप्पच झाला. पुढची चाळीस सेकंदं नुसता पंख्याचा आवाज आहे. उतरवून काढताना तेवढा भाग मी पुन्हा पुन्हा ऐकला.

नंतर वाचनात आलं की जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या अशाच चुकांची छाननी केली होती, आणि त्यांतल्या कितीतरी चुका ठरावीक नियमाने होतात हे दाखवलं होतं. त्याच्याही खूप आधी, 1920 च्या सुमारास, पुढे बालमानसशास्त्रज्ञ म्हणून गाजलेला तरुण पियाजे पॅरिसमध्ये मुलांसाठीच्या चाचण्यांवर काम करत होता. बरोबर उत्तरं मोजण्यापेक्षा मुलं चुकतात कशी, यात त्याचं मन रमलं, आणि त्याच्या पुढच्या कामाची वाट तिथून निघाली. हे मी त्या रेकॉर्डिंगनंतर वाचलं म्हणून ते माझ्यात मुरलं. तुमच्याजवळ आठ वर्षं तपासलेल्या वह्या आहेत. थेट मानसशास्त्राची पदवी घेऊन येणाऱ्यांजवळ त्या नसतात. त्यामुळे ‘माझी पदवी वेगळी’ हे ओझं मनातून काढून टाका.

वर्गातल्या उपयोगाबद्दल. सोमवारी ऐकलं आणि मंगळवारी वापरलं, असं इथे फार थोडं मिळतं. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1899 मध्येच शिक्षकांना बजावलं होतं की मानसशास्त्राच्या नियमांवरून वर्गात वापरायच्या पद्धती थेट काढता येतील असं समजणं ही मोठी चूक आहे. मग मिळतं काय? माझंच उदाहरण देते. मी मुलांची ‘पाहून शिकणारी’, ‘ऐकून शिकणारी’, ‘करून शिकणारी’ अशी विभागणी केली होती आणि पालकांनाही ते खात्रीने सांगत असे. 2008 मध्ये पॅशलर, मॅक्डॅनिएल, रोहरर आणि ब्यॉर्क यांनी या विषयावरचं संशोधन तपासलं. त्यांनी आधी ठरवलं की हा दावा खरा असेल तर काय दिसायला हवं. ऐकणाऱ्यांना ऐकवून शिकवलं तर त्यांना जास्त यायला हवं, आणि त्याच पद्धतीने पाहणाऱ्यांना शिकवलं तर त्यांना कमी. असं नीट दाखवणारा पुरावा त्यांना जवळजवळ सापडलाच नाही. तो लेख वाचून मला राग आला होता. दोन दिवस मी त्यात खोट शोधत बसले. पण ‘हे खरं असेल तर काय दिसायला हवं?’ हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे. नव्या पद्धतीच्या प्रत्येक प्रशिक्षणात मी तो विचारते.

दुसरं उदाहरण शेऱ्यांचं. क्लुगर आणि डेनिसी यांनी 1996 मध्ये अभिप्रायावरच्या अभ्यासांतले 607 परिणाम एकत्र करून पाहिले. सरासरीने फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी खालावली होती. लक्ष कामावरून स्वतःकडे वळलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, अशी त्यांची मांडणी आहे. ‘लक्ष कुठे आहे?’ हा माझा शेरा त्या मुलाबद्दल होता, वजाबाकीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. आता मी वहीत गणिताबद्दलच लिहिते.

संख्याशास्त्र. तुम्ही गणित शिकवता, तरी भीती वाटते, हे मला समजतं. सूत्रांची भीती नसते, ती कुठे लावायची ते कळत नाही याची असते. एक जागा दाखवते. समजा तुम्ही 30-30 मुलांचे दोन वर्ग घेतलेत, एकाला नवी पद्धत, एकाला जुनी. मुलं 60 झाली म्हणून नमुना 60 चा होत नाही. एका वर्गातल्या मुलांची शिक्षिका एक, तास एका वेळचा, गोंगाट तोच, म्हणून त्यांचे गुण एकमेकांच्या जवळ जातात. हे साम्य एका आकड्यात मोजतात. तो 0.2 आला असं धरा. वर्गात मुलं 30, तर या साम्यामुळे नमुना किती पटींनी आकसतो ते असं काढतात: 1 + (30 − 1) × 0.2 म्हणजे 6.8. आता 60 ला 6.8 ने भागा. उत्तर येतं साधारण 9. साठ मुलांकडून मिळालेली माहिती सुमारे नऊ सुट्या मुलांकडून मिळाली असती तेवढीच. आणि वर्ग दोनच असतील तर फरक पद्धतीमुळे पडला की शिकवणाऱ्या व्यक्तीमुळे, हे कोणत्याही सूत्राने वेगळं काढता येत नाही. माझ्या लघुप्रबंधाचा पहिला आराखडा नेमका असाच होता आणि मार्गदर्शकांनी तो परत पाठवला. तेव्हा फार लागलं. पण हे समजायला भागाकारापलीकडचं गणित लागलं नाही, आणि आकडेमोड सॉफ्टवेअर करतं. तुम्हाला लागणारी अक्कल अभ्यासाची रचना करताना लागते, आणि ती तुम्ही शिकाल.

नोकरीबद्दल थोडक्यात. ही पदवी म्हणजे मुलांची मानसिक तपासणी करायचा परवाना नाही. त्यासाठीचे नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि बहुतेक ठिकाणी वेगळं प्रशिक्षण व नोंदणी लागते. तुम्हाला तिकडे जायचं असेल तर प्रवेशाआधीच तिथले नियम पाहा. पैसे भरून झाल्यावर हे कळलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि विद्यापीठाच्या नावापेक्षा तुमचं मार्गदर्शन कोण करणार, ती व्यक्ती कशावर काम करते, लिहिलेलं वेळेत वाचून परत देते का, याची चौकशी जुन्या विद्यार्थ्यांकडे करा.

आता तुमची ती ओळ. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी कोऱ्या कागदावर आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने तपासलं तर वाचणारे 42 वर आणि आठवून लिहिणारे 56 वर. तुम्ही पाहताय ते याच जातीचं असू शकतं. शिकवल्या दिवशी येणं आणि आठवड्याने येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून दुसरीचा अंदाज चुकतो.

पण ते उतारे होते आणि विद्यार्थी मोठे होते. लहान मुलांच्या अपूर्णांकांत, जिथे पायऱ्या लक्षात ठेवायच्या असतात आणि त्यांचा अर्थही लागायला हवा, तिथे काय होतं हे तुम्ही तुमच्या वर्गात पाहू शकता. दोन वर्गांची तुलना करू नका, वर सांगितलेला खड्डा तिथेच आहे. एकच वर्ग घ्या. अर्ध्या मुलांनी बेरजेची उदाहरणं सोडवलेली पाहून गिरवायची आणि गुणाकाराची वही मिटून आठवून सोडवायची. उरलेल्या अर्ध्यांनी उलट. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. मग प्रत्येक मूल दोन्ही पद्धतींतून जातं आणि त्याची तुलना त्याच्याशीच होते. चाचणी त्याच दिवशी एक, आठवड्याने एक. पालकांची आणि मुलांची संमती, शाळेची परवानगी, विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता यांत दोन-तीन महिने सहज जातात, तेवढे हिशेबात धरा.

प्रवेश अर्जातलं ‘मला हा विषय का शिकायचा आहे’ हे निवेदन लिहाल तेव्हा ‘मुलांची आवड’ वगैरे लिहू नका. निम्म्या मुलांची पाटी आठवड्याने कोरी का होते, तिथून सुरुवात करा. मसुदा झाला की मला दाखवा, मी वाचून देईन.