व्यावसायिक बॉक्सरच्या रेकॉर्डमधले विजय खोटे असू शकतात का?

हो, असू शकतात. अमेरिकेत तर हे राष्ट्रीय टीव्हीवरच्या स्पर्धेत घडलंय.

1977 मध्ये लढती भरवणाऱ्या डॉन किंगने एबीसी या टीव्ही वाहिनीसाठी 'युनायटेड स्टेट्स बॉक्सिंग चॅम्पियनशिप्स' भरवली. कोणाला घ्यायचं याला आधार होता 'द रिंग' मासिकाच्या क्रमवारीचा. बॉक्सिंगवाले तेव्हा हे मासिक प्रमाण मानायचे. पुढे उघड झालं की त्यांच्याच रेकॉर्ड बुकात कधी न झालेल्या लढती घुसवल्या होत्या. ह्यूस्टनचा आइक फ्लुएलन वर्षभरापेक्षा जास्त काळ रिंगमध्ये उतरलेला नव्हता, तरी त्याच्या नावावर मेक्सिकोतल्या दोन लढती चढल्या आणि तो क्रमवारीत आला. मासिकाचा सहसंपादक जॉनी ऑर्ट याने किंगकडून 5,000 डॉलर घेतले होते. स्वतःचं छोटं बॉक्सिंग-पत्रक काढणारा फ्लॅश गॉर्डन आणि एबीसीतलाच अलेक्स वॉलाउ यांनी हे खणून काढलं. एप्रिलमध्ये वाहिनीने स्पर्धा थांबवली. मार्विन हॅगलरसारखा तगडा मिडलवेट (मधल्या वजनगटातला बॉक्सर) मात्र त्या स्पर्धेत नव्हताच, याचा मला आजही राग येतो.

पण माझ्या मते त्याहून वाईट प्रकार म्हणजे हार लपवणं. मी कॉलेजात हौशी बॉक्सिंग करायचो. लढतीआधी डॉक्टर आमची रेकॉर्ड बुकं तपासायचे. नॉकआउट झालेल्याच्या पानावर किती दिवस खेळायचं नाही ते लिहिलेलं असायचं. एकदा एका मुलाने 'पुस्तक हरवलं' म्हणून कोरं पुस्तक पुढे केलं. डॉक्टरांनी त्याला खेळूच दिलं नाही. तेव्हा आम्ही कुरकुरलो होतो. डोक्याला नुकताच मार बसलेला असताना पुन्हा मार बसला तर जीव जाऊ शकतो, हे मला नंतर समजलं.

अमेरिकेत एका राज्यात बंदी आलेला बॉक्सर दुसऱ्या राज्यात वेगळ्या नावाने लढायचा. 1996 च्या कायद्याने फोटो असलेलं ओळखपत्र सक्तीचं केलं आणि प्रत्येक निकाल दोन दिवसांत बॉक्सरांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे पाठवणं बंधनकारक झालं.

तुम्हाला एखादा रेकॉर्ड पाहायचा असेल तर बॉक्सरेक या बॉक्सरांच्या लढतींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर जा. 20-0 (वीस विजय, एकही हार नाही) हा आकडा बाजूला ठेवा आणि हरलेल्या वीस जणांची नावं एकेक करून उघडा. ज्यांच्या खात्यात तीन विजय आणि चाळीस पराभव आहेत, अशांचीच रांग लागली तर लढती खऱ्या असूनही रेकॉर्ड फुगवलेला आहे. आणि नॉकआउटनंतर आठ-दहा दिवसांतच पुढची लढत दिसली, तर त्याला परवानगी कोणी दिली ते जरूर शोधा.