आधी सांग, तुला कुठे बसवलं होतं

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

सराउंड रेकॉर्डिंगवरचं तुझं पहिलं परीक्षण वाचलं. ‘आवाज चहूबाजूंनी आला आणि अंगावर काटा आला,’ असं तू लिहिलंस. काटा आला असणारच, त्याबद्दल शंका नाही. पण भोवती स्पीकर मांडले की आवाज चहूबाजूंनी येणारच. कोणत्या बाजूने काय आलं आणि ते तिथून आल्यामुळे संगीताला काय मिळालं, हे वाचणाऱ्याला हवं असतं. तेवढं त्यात राहून गेलं.

सराउंड, म्हणजे ऐकणाऱ्याभोवती मांडलेल्या स्पीकरांसाठी केलेलं रेकॉर्डिंग लावलंस की आधी स्वतःला विचार: मला कुठे बसवलंय? श्रोत्याची जागा रेकॉर्डिंग करणाऱ्याने ठरवलेली असते. एक पंथ तुला सभागृहातली चांगली खुर्ची देतो. वाद्यवृंद समोर आणि मागच्या स्पीकरमधून फक्त दालनाचा घुमारा. दुसरा पंथ तुला थेट वादकांच्या मधोमध नेतो. नॉर्वेची ‘टूएल’ ही कंपनी चर्चमध्ये मायक्रोफोनांभोवती वादक-गायकांना गोलाकार उभं करते. जर्मनीच्या ‘टासेट’च्या काही रेकॉर्डिंगमध्ये स्ट्रिंग क्वार्टेटचे (तंतुवाद्यांच्या चौकडीचे) चार वादक तुझ्या चार बाजूंना बसलेले ऐकू येतात. दोन्ही पंथ मला मान्य आहेत. ब्राम्सची सिंफनी मला समोरूनच हवी. क्वार्टेटच्या मधे बसायला मात्र मी कधीही तयार असतो. एका पंथाच्या मापाने दुसऱ्याला मोजू नकोस, एवढंच. मागून व्हायोलिन ऐकू आलं नाही म्हणून खुर्चीवाल्या रेकॉर्डिंगचे गुण कापणं हा अन्याय आहे.

काही संगीत तर मुळातच जागेसाठी लिहिलेलं असतं. फ्रेंच संगीतकार बर्लिओझचा रेक्विएम (मृतांसाठीची प्रार्थना) घे. १८३७ साली पॅरिसच्या अँव्हालिदच्या चर्चमध्ये तो पहिल्यांदा वाजला. त्यातल्या ‘तुबा मिरुम’ या भागासाठी बर्लिओझने मुख्य वाद्यवृंदाखेरीज पितळी वाद्यांचे चार ताफे मागितले आणि ते चार कोपऱ्यांत ठेवायला सांगितले. ताफे एकामागून एक शिरतात, एकमेकांना उत्तर देतात आणि मग सोळा टिंपनींचा (मोठ्या नगाऱ्यांचा) गडगडाट सुरू होतो. स्टिरिओत हे सगळं दोन स्पीकरांच्या मधल्या पट्टीत कोंबलं जातं. मोठा आवाज कळतो, पण हाक कुठून आली आणि प्रतिसाद कुठून गेला, हे नीट कळत नाही. इथे मागचे स्पीकर चैन म्हणून नाहीत, ते रचनेचाच भाग आहेत. व्हेनिसच्या सान मार्को चर्चमध्ये वेगवेगळ्या सज्ज्यांत गायक-वादक उभे करणारा संगीतकार गाब्रिएली, किंवा पाच-पाच गायकांचे आठ गट मिळून चाळीस आवाजांची रचना करणारा टॅलिस, हेही याच वाटेचे. त्यांच्यापासून ऐकायला सुरुवात कर.

मग १९७०च्या दशकाकडे वळ. त्या काळी ‘क्वाड’ म्हणजे चार चॅनेलच्या (चार स्पीकरांसाठी चार स्वतंत्र आवाज असलेल्या) तबकड्या निघाल्या. एसक्यू, क्यूएस, सीडी-४ अशा पद्धती आल्या आणि एकीची दुसरीशी जुळेना. गिऱ्हाईक गोंधळलं आणि दशक संपता संपता सगळा खेळ आटोपला. टेप मात्र उरल्या. फिलिप्सने तेव्हा चार चॅनेलवर ध्वनिमुद्रित केलेल्या पण त्या रूपात बाजारात न आणलेल्या कितीतरी मैफली पुढे ‘पेंटाटोन’ कंपनीने एसएसीडीवर (अनेक चॅनेलचा आवाज साठवणाऱ्या खास सीडीवर) काढल्या. इंग्लंडच्या ‘डटन व्होकॅलियन’ने कोलंबिया कंपनीचे जुने क्वाड मिक्स (कोणता आवाज कुठून यावा याच्या जुळवण्या) पुन्हा मिळवून दिले. त्यांत वाद्यवृंद-संचालक बुलेझने न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह केलेला, बार्टोक या संगीतकाराचा ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ आहे. वाद्यवृंद ऐकणाऱ्याभोवती पसरवायची हिंमत त्यात दिसते.

रॉककडे जायचं असेल तर पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चे दोन मिक्स शेजारी ठेव. अ‍ॅलन पार्सन्स या इंजिनिअरचा जुना क्वाड आणि जेम्स गथ्रीचा २००३चा ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक चॅनेल). त्यातल्या ‘टाइम’ या गाण्याच्या सुरुवातीला घणघणणारी घड्याळं पार्सन्सने मुळात क्वाड ध्वनी दाखवण्यासाठीच ध्वनिमुद्रित केली होती. ती कोणत्या कोपऱ्यात कधी वाजतात, हे दोन्ही मिक्समध्ये कागदावर चौकोन काढून टिपून ठेव. गाणं एकच, पण दोघांनी तुला वेगळ्या जागी बसवलंय हे कागदावरच दिसेल.

आता तुझ्या खोलीबद्दल. यात आळस केलास तर परीक्षण रेकॉर्डिंगचं न होता तुझ्या सोफ्याचं होईल. डावा-उजवा स्पीकर मधल्या रेषेपासून ३० अंशांवर ठेव आणि सराउंड स्पीकर १०० ते १२० अंशांवर. म्हणजे ते पार पाठीमागे नकोत, कानांच्या बाजूला किंचित मागे हवेत. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर पुढे ओढ. फ्लॅटमध्ये मागचे स्पीकर जवळ येतात आणि पुढचे लांब राहतात, याला इलाज नाही. पण रिसीव्हरमध्ये (स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रात) प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजपट्टीने मोजून भर. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, आणि तोच आवाज दोन ठिकाणांहून आला तर जो आधी पोचतो त्याच्याकडे कान वळतो. मागचा स्पीकर मीटरभर जवळ असेल आणि रिसीव्हरला ते ठाऊक नसेल, तर समोरचा वाद्यवृंद मागे सरकल्यासारखा वाटेल आणि तू बिचाऱ्या इंजिनिअरला दोष देशील.

आणखी एक. ५.१मधला ‘.१’ म्हणजे तुझा सबवूफर (खर्जाचा स्पीकर) नव्हे. तो खर्जाचा स्वतंत्र चॅनेल, म्हणजे एलएफई, आहे आणि संगीताच्या बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये तो रिकामाच असतो. सबवूफर घुमतो तो रिसीव्हर इतर स्पीकरांचा खर्ज त्याच्याकडे वळवतो म्हणून. ‘एलएफई दमदार आहे’ असं लिहिण्याआधी हे तपास.

लिहायला बसण्यापूर्वी प्लेअरवर मल्टिचॅनेल (सराउंडचा) थर खरंच चालू आहे ना, हे बघ. एसएसीडीवर स्टिरिओचाही थर असतो आणि सेटिंग तिकडे राहिलं, तर रिसीव्हर त्यातूनच कृत्रिम सराउंड तयार करून पाचही स्पीकर वाजवत बसतो. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय मिक्स आहे! म्हणून अपमिक्सचे, म्हणजे असं कृत्रिम सराउंड करणारे, सगळे मोड बंद ठेव. अ‍ॅटमॉस (डॉल्बीची सराउंड पद्धत) हेडफोनवर ऐकलं असशील तर तसं स्पष्ट लिही, कारण तिथे दोन कानांना दिशांचा भास दिलेला असतो.

मग समोरचे स्पीकर बंद करून फक्त मागचे ऐक. नुसता घुमारा आहे की टाळ्या, खोकला, वाद्यंसुद्धा आहेत? त्यानंतर उलटं कर. पुढचे ठेव आणि एखादा भाग ऐन रंगात असताना मागचे एकदम बंद कर. त्या क्षणी दालनाची भिंत पुढे सरकली, छत खाली आलं असं वाटलं, तर मागच्या चॅनेलने काम चोख केलंय. काहीच फरक पडला नाही, तर तेही निर्भीडपणे लिही.

आपल्या मैफलीलाही हा प्रश्न लावता येतो. तानपुरे गायकाच्या मागे असतात, दाद समोरून येते. रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा तुझ्या पाठीशी आणि ‘क्या बात है’ समोरून आलं, तर तुला गायकाच्या गादीवर बसवलंय. तानपुरे गायकाबरोबर समोर आणि दाद आजूबाजूने, मागून आली, तर तू सतरंजीवर आहेस. मला सतरंजी आवडते. गादीवर बसून ख्याल ऐकताना आपण परक्या जागी बसलोय असं वाटत राहतं. तुझं मत वेगळं असेल तर कारणासकट मांड, मला वाचायला आवडेल.

आणि परीक्षणात संगीत आधी येऊ दे. गायन-वादन कसं झालं, लय कुठे सैल पडली, कुठे जमून आली, यावर निम्मा लेख खर्च कर. गाणं सुमार असेल तर पाच स्पीकरांतून ते पाच दिशांनी सुमार येतं.

बर्लिओझवरचं परीक्षण पुढच्या महिन्यात पाठव. चौकोनाचा कागद सोबत जोड, आणि ताफे कोणत्या क्रमाने शिरले ते त्यावर बाणांनी दाखव.

तुझा,
मामा