फराळ बशीत वाढून घ्या

ताई, गेल्या दिवाळीत सासऱ्यांची साखर चढली ती महिनाभर उतरली नाही, म्हणून यंदा फराळ करूच नये का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐका, फराळ जरूर करा.

आमच्या ह्यांना बारा वर्षांपासून डायबेटिस आहे. एका दिवाळीत मी सगळ्यांपुढे करंज्या ठेवल्या आणि ह्यांच्यापुढे ज्वारीची भाकरी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री उशिरा स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं. दिवा लावला तर हे अंधारात उभं राहून बेसनाचा लाडू खात होते. मला बघून उरलेला अर्धा लाडू परत डब्यात ठेवायला गेले. साठीच्या माणसाला स्वतःच्या घरात असं चोरून खायला लागावं, याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून आम्ही फराळाला एक जेवण धरतो. नरकचतुर्दशीला अंघोळी झाल्या की सगळे एकत्र बसतो. बशीत एक चकली, छोटी वाटी चिवडा, आणि लाडू किंवा करंजी यातलं एकच. शेजारी मटकीची उसळ. हीच सकाळची न्याहारी. वर पोहे-उपमा नाही. हे आता लाडू सावकाश, चव घेत खातात, पाच मिनिटं पुरवतात. दुपारी नेहमीचं जेवण, पण कोशिंबीर आणि पालेभाजी आधी, भात शेवटी आणि थोडा.

खरी गडबड होते ती चहाबरोबरच्या चिवड्याने. पोट भरल्याचं कळायला वीसेक मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात येता-जाता डब्यात हात घालून चार मुठी कधी संपल्या ते समजत नाही. तुमच्या सासऱ्यांचा महिना कसा गेला असेल याचा मला अंदाज आहे. दिवाळीचे दिवस चार-पाचच, पण डबे तुळशीच्या लग्नापर्यंत आणि पुढेही पुरतात. म्हणून मी आता भाजणी निम्मीच करते. भाऊबीजेनंतर उरलेलं बांधून वाटून टाकते.

गुळाचे किंवा खजुराचे लाडू ‘चालतात’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दोन्हींनी साखर वाढते. ‘शुगर फ्री’ मिठाईतही खवा, तूप, मैदा असतोच. आमच्या साताऱ्यात पाहुणा आला की कंदी पेढ्यांचा पुडा येतोच. एका पेढ्याचे चार तुकडे करायचे आणि ह्यांना एक द्यायचा, तोही जेवणाबरोबरच.

आग्रहाचं जरा अवघड असतं. भाऊबीजेला आम्ही कोरेगावला जातो, तिथून वाईला, आणि प्रत्येक घरी भरलेली बशी पुढे येते. एका घरी बसून खायचं, दुसरीकडे बिनसाखरेचा चहा घ्यायचा आणि म्हणायचं, “वहिनी, डब्यात बांधून द्या, घरी सगळे मिळून खाऊ.” कुणी रागावत नाही. सासऱ्यांच्या वतीने हे तुम्ही बोला. त्यांना चारचौघांत ‘मला शुगर आहे’ म्हणायला लावू नका.

सकाळी आम्ही अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेने ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत जाऊन येतो. पण सणात जास्त उपयोग होतो तो जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांच्या फेरीचा. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरतात. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर घरासमोरच्या गल्लीत, सपाटीवर, हळूहळू चालले तरी पुष्कळ.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. आज गोड खाल्लं म्हणून गोळी दुप्पट घ्यायची, किंवा संध्याकाळी गोड खायचंय म्हणून दुपारी उपाशी राहायचं, हे त्यांना अजिबात करू देऊ नका. काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना जेवण चुकलं तर साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, घाबरल्यासारखं वाटलं की लगेच साखर तपासा. 70 च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत बघा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

वसुबारसेच्या आधी एकदा डॉक्टरांना भेटून सणात काय-काय खाणं होणार ते सरळ सांगा आणि गोळ्यांच्या वेळा लिहून आणा. आमच्याकडे तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवलेला असतो.