हळदीच्या कॅप्सूलमागे दडलेली उदासी

‘मधुमेहामुळे आलेली उदासी हळदीच्या अर्काने जाईल का?’ हा प्रश्न ठाण्यातील माझ्या समुपदेशन कक्षात वारंवार येतो. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, त्यामुळे त्यात नवल नाही.

घोडबंदर रोडवरून येणाऱ्या पन्नाशी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी (ओळखीचे तपशील बदलले आहेत) हळदीच्या कॅप्सूलची बाटलीच टेबलावर ठेवली. “मॅडम, उंदरांवर गुण आलाय म्हणे.”

ते खरे होते. कृत्रिमरीत्या मधुमेह निर्माण केलेल्या उंदरांना हळदीतील कर्क्युमिन किंवा कांद्यातील क्वेर्सेटिन दिल्यावर नैराश्यासारखी लक्षणे कमी झाल्याचे प्रयोग आहेत. वाढलेल्या साखरेमुळे पेशींवर येणारा ऑक्सिडीकरणाचा ताण आणि दाह मेंदूलाही बाधतो आणि ही अँटिऑक्सिडंट द्रव्ये तो शमवतात, असा त्यामागचा तर्क आहे. मात्र कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि मधुमेही माणसांच्या नैराश्यावर ते उपचार म्हणून सिद्ध झालेले नाही. हे सारे सांगूनही त्यांचा हात बाटलीवरून हलेना, तेव्हा मी विचारले, “या गोळीने नेमकं काय बदलावं, असं वाटतं?”

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “संध्याकाळी सगळे तलावपाळीला निघतात आणि मला उठावंसंच वाटत नाही.”

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“त्यांनी साखर विचारली, मी साखर सांगितली.”

पुढच्या भेटींत त्यांची स्वतःकडूनची सक्तीची अपेक्षा उघड झाली. शिस्तीने साखर आटोक्यात ठेवणाऱ्याला मनही आवरता आलेच पाहिजे; त्यासाठी औषध घेणे म्हणजे हार, हळद मात्र घरचीच. मी म्हटले, “तुमच्या साखरेच्या गोळीचा, मेटफॉर्मिनचा, शोधही गॅलेगा नावाच्या वनस्पतीतल्या द्रव्यापासूनच सुरू झाला. ते घेताना हरल्यासारखं वाटतं?” ते मनापासून हसले. स्वतःवर लादलेल्या अशा सक्तीच्या अपेक्षा प्रश्नांनी तपासणाऱ्या विवेकनिष्ठ समुपदेशन पद्धतीवरील माझा विश्वास अशाच क्षणी दुणावतो, कारण वाद घालून जे हलले नव्हते, ते एका प्रश्नाने हलले होते. अँटिऑक्सिडंटची चौकशी अनेकदा उदासी बोलून दाखवण्याची पहिली, सुरक्षित वाट असते, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून ती मी हसण्यावारी नेत नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, तर ते साखरेच्या आकड्यांइतक्याच स्पष्टपणे डॉक्टरांना सांगावे. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावे, कारण त्याच्या कमतरतेनेही थकवा आणि उदासी येते. अर्काची बाटली डॉक्टरांना अवश्य दाखवावी: शोषण वाढवण्यासाठी त्यात अनेकदा मिरीतील पिपरिन असते, ज्याने इतर औषधांचे प्रमाण बदलू शकते, तर साखरेच्या काही गोळ्यांसोबत कारल्याचा अर्क घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. जीव नकोसा वाटू लागला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर त्याच क्षणी फोन करावा.